दोन घोट भाऊचे, बाकीचे सगळ्यांचे

पुष्पावहिनींचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या घरी गच्चीवर पापड पालथे करत होते. "ताई, तुम्ही निघा आता," एवढंच त्या म्हणाल्या. छातीत जड वाटतं म्हणून यशवंतभाऊला, माझ्या थोरल्या भावाला, दोन दिवसांपूर्वी धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. पुढचं काही विचारायची गरज नव्हती. हातातला पापड मी नीट पालथा केला, मग त्याच्या शेजारचाही... आणि खाली उतरले. पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि भाऊला घरी आणलेलं होतं. भाऊला जाऊन आता महिना उलटून गेला. इतक्या दिवसांत बसून लिहावंसं वाटलं ते आजच.

भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आयुष्यभर त्याने लाल बस चालवली, बरीच वर्षं धुळे-जळगाव याच रस्त्यावर. एरंडोलला चहा, पारोळ्याला चहा, डेपोत शिरताना चहा, डेपोतून निघताना चहा. दूध-साखरेचा, आलं ठेचून घातलेला, बशीत ओतून फुर्रकन प्यायचा. रिटायर झाल्यावर चारच वर्षांत दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. रक्त मशीनमधून काढून स्वच्छ करायचं, पुन्हा शरीरात सोडायचं. तेही त्याने सोसलं असतं. त्याला सोसली नाही ती तहान. डॉक्टरांनी दिवसभरात पाऊण लिटर पाण्याची मर्यादा घालून दिली होती. चहा, वरण, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. आपल्याकडचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला पाऊण लिटर म्हणजे काय ते सांगायला नको. एकदा वहिनी देवळात गेलेल्या असताना भाऊ माठाजवळ गेला आणि तांब्यावर तांब्या प्यायला. संध्याकाळपर्यंत पाय सुजले, धाप लागली, दवाखाना गाठावा लागला. त्यानंतर वहिनी सकाळीच एका स्टीलच्या बाटलीत दिवसाचं पाणी भरून ठेवू लागल्या.

मग घरच गप्प झालं. त्याच्यासमोर चहा कसा प्यायचा, म्हणून वहिनींनी स्वतःचा चहा सोडला. येणारे-जाणारेही अवघडत. बसायचे, तब्येतीची विचारपूस करायचे, "राहू द्या, आत्ताच घेतला," म्हणत उठायचे. हळूहळू येईनासेच झाले. मीसुद्धा, त्याची सख्खी बहीण, धुळ्याला उतरले की आधी स्टँडवर पोटभर पाणी पिऊन घ्यायची आणि मगच त्याच्या घराकडे वळायची. फेऱ्याही कमी केल्या. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

डायलिसिसचे चार तास पडल्या पडल्या भाऊ मोबाइलवर काहीबाही बघत असे. एक दिवस त्याला चीनमधला एक म्हातारा दिसला. लिंबाएवढ्या भांड्यातून सुपारीएवढ्या कपात चहा ओतत होता आणि तो कप तीन घोटांत संपवत होता. भाऊने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मला फोन करून म्हणाला, "मंगल, आपला एक कप म्हणजे त्याचे पाच होतात. मला दिवसातून पाच वेळा चहा पिता येईल." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फिका घ्या, थोडा घ्या, आणि थेंब न् थेंब पाण्यात धरा. पहिला कप घरी आला तेव्हा भाऊने सुई नसलेल्या सिरिंजने पाणी भरून तो मोजला. तीस मिली. नवी गाडी ताब्यात मिळावी तसा चेहरा झाला होता, असं वहिनी सांगतात.

पण शिकाऊ माणसाच्या सगळ्या चुका त्याने केल्या. फोटोवरून किटली मागवली ती बाहुलीच्या भातुकलीतली निघाली. झाकणाचा कप मागवला, त्याला गायवान म्हणतात, तर तो वाटीएवढा आला आणि परत पाठवावा लागला. एकदा पु-एर नावाचा चहा आला. कागदात गुंडाळलेली, दाबून घट्ट केलेली काळपट चकती. वहिनींनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, "अहो, ही गोवरी कशाला मागवली?" भाऊने स्क्रूड्रायव्हर घेऊन ती फोडली, तेव्हा अर्धी जमिनीवर उडाली. सुरुवातीला सगळीच पानं तो खळखळ उकळायचा. हिरव्या चहाला इतकं कढत पाणी चालत नाही, हे कळायला त्याला दोन पाकिटं लागली. कप धरताना बोटं भाजतात अशी सगळ्यांची तक्रार असते. त्याला मात्र काही वाटायचं नाही. स्टिअरिंगने हाताची कातडी केव्हाच राठ करून ठेवली होती.

मला पहिल्यांदा पाजला तो ऊलाँग नावाचा चहा. गोळ्यांसारखी वळलेली पानं गरम पाण्यात सुटी होत गेली, देठासकट अख्खी. मी एक घोट घेतला आणि आमच्या आईच्या तोंडची भाषा आपोआप बाहेर आली, "भाऊ, हाऊ काय चहा शे?" तो हसला. मग भांडं खाली ठेवून म्हणाला, "स्टँडवर पाणी पिऊन येतेस ना?"

मी कप खाली ठेवला.

"दोन-अडीच तासांचा प्रवास, वर हे ऊन. उतरलेला माणूस पाणी मागत नाही, हे ड्रायव्हरला कळत नसेल का? इथं पीत जा, मंगल. माझ्यासमोर पी. तू तहानलेली बसलीस म्हणून माझी तहान कमी होत नाही."

त्या दिवशी मी त्याच्यासमोर दोन ग्लास पाणी प्यायले. तो बघत होता. त्याच्या नजरेत हेवा नव्हता... निदान मला तरी दिसला नाही.

या चहाची एक गंमत अशी की चिमूटभर पानांवर सहा-सात वेळा पाणी घालता येतं आणि दर वेळी चव वेगळी लागते. भाऊला एका बैठकीला परवडायचा एकच कप. उरलेल्याचं काय करायचं? जीव असलेली पानं फेकवेनात. मग त्याने समोरच्या किराणा दुकानातल्या घेवरचंदजींना हाक मारली. त्यांचं घराणं मूळचं मारवाडचं, चहा म्हणजे दाट दुधाचा, वर वेलदोडा. त्यांनी कप बघितला आणि म्हणाले, "भाऊ, ही तर औषधाची मात्रा झाली." तरी दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते स्वतःहून आले. मग वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या, त्यांच्या मागून आणखी कोणी. भाऊ प्रत्येकाला सांगायचा, "मना दोन घोट, बाकीना बठ्ठा तुमना," म्हणजे बाकीचा सगळा तुमचा. त्याचा आजार त्या घरात पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडला. तो एकटा सगळं पिऊ शकला असता, तर त्याने कुणाला बोलावलं असतं की नाही, कोण जाणे.

दोंडाईच्याचे सलीमभाई डायलिसिसला त्याच्या शेजारच्या पलंगावर असत. एके दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून भाऊ त्यांना घरी घेऊन आला. मी नेमकी तिथेच होते. भाऊने कप पुढे केला, "घ्या." सलीमभाईंनी कप घेतला, पण बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग म्हणाले, "यशवंतभाऊ, दोन वर्षं झाली. कुणाच्याही घरी गेलो तरी मला कुणी 'घ्या' म्हणत नाही. माझ्या भल्यासाठीच म्हणत नाहीत. पण म्हणत नाहीत." भाऊने आपला कप उचलला आणि दोघांनी बरोबरच घोट घेतला. दोघेही तो खूप वेळ तोंडात धरून बसले होते.

अशी तीन वर्षं गेली. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत जेवढ्या वर्षांची आशा दिली होती त्यापेक्षा जास्तच मिळाली. ती चहामुळे मिळाली असं मी म्हणणार नाही. पण त्या तीन वर्षांत भाऊ आजारी होता आणि एकटा नव्हता, एवढं मी पाहिलं आहे.

मागच्या आठवड्यात धुळ्याला गेले. पाचच्या सुमारास घेवरचंदजी आले आणि नेहमीच्या खुर्चीवर बसले. डायलिसिसचा दिवस होता, सलीमभाईही आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. वहिनी आत गेल्या आणि ट्रे घेऊन बाहेर आल्या. हा चहा त्यांनी आजवर कधी केला नव्हता, भाऊ हात लावू देत नसे. मुठीने पानं घातली, वरून कढत पाणी ओतलं आणि झाकण ठेवून कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. कपात उतरला तो काढ्यासारखा काळा. आम्ही मुकाट्याने प्यायलो. मग वहिनींनी स्वतः एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू झाला का?"

"पानं थोडी जास्त झाली, भाभी," घेवरचंदजी हळूच म्हणाले.

"उद्या कमी घालते," वहिनी म्हणाल्या, आणि त्याच पानांवर त्यांनी दुसरं पाणी ओतलं.