मेलेल्या बैलानं घडवलेला समेट

नागपूरले जाऊन दीक्षा घेतली आन् आमच्या लोकायनं गावचं मेलेलं ढोर ओढणं सोडलं. गावानं लगेच आमच्यासाठी विहीर बंद केली. मी नवी सून, त्यात पोटुशी. नाल्यात झिरा उकरून गढूळ पाणी आणत होती. दुसऱ्या खेपेले डोळ्यांपुढं अंधारी यायची. पाटलाले काय त्याचं? त्याच्या अंगणात सडे पडत होते.

मंग एक दिवस पाटलाचं मन द्रवलं. कायनं? वासानं! ऐन उन्हाळ्यात त्याचा बैल गोठ्यात मेला, ओढाले कोणी नाही. दुसऱ्या दिवशी घरातले जेवणं बंद झाले आन् पाटलाले एकदम बंधुभाव आठवला. नाकाले उपरणं लावून बापडा आमच्या मोहल्ल्यात आला.

"झालं गेलं गंगेले मिळालं," तो म्हणे. "गावानं तुम्हाले माफ केलं."

घ्या! चोराच्या उलट्या बोंबा. माही तं तळपायाची आग मस्तकात गेली. कोणता गुन्हा केल्ता आम्ही? माहे सासरे हात जोडून उभे. सासूनं मात्र पाण्याचा गुंड उचलला.

"माफी झाली न पाटील? मंग चाला विहिरीवर."

सारं गाव मागं. सासूनं सगळ्यायच्या देखत पाणी शेंदलं अन् गडवा भरून पाटलापुढं धरला.

"आज माहा उपास हाय न, बाई," पाटील चाचरला. कालपर्यंत तिले 'ए' म्हणत होता.

"उपासाले पाणी चालते."

कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात गोठ्याकडून वारं आलं. पाटलानं डोळे मिटून, एरंडेल घ्यावं तसा एक घोट घेतला.

"आता तं उचलता न बैल?"

सासूनं गुंड डोक्यावर घेतला. "माफ तुम्ही केलं पाटील, आम्ही नाही केलं अजून. ते पाहू सवडीनं. बैल तुमचा हाय, तुम्हीच ओढा. माही सून उद्यापासून इथंच येईन पाण्याले."

बैल पाटलाच्या पोरायनं ओढला, ओकत ओकत. मी दारात बसून गडवाभर निवळ पाणी पेली अन् रडली, रागानंच रडली. बाई, किती गोड पाणी होतं! आन् ते आम्हाले द्याले गावाले आमची तहान नाही दिसली, बैल मरावा लागला.