आबांची रग्बीची फळी

निहार, इरा,

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तरी हे मराठीतच लिहिते आहे. आबांना जाऊन दीड महिना झाला. गेल्या आठवड्यात तुम्ही दोघांनी, एकाने ऑकलंडहून आणि एकीने डर्बनहून, मला एकच प्रश्न विचारलात : आबांच्या रग्बीच्या पुस्तकांचं काय करणार? तुम्ही एकमेकांशी बोलत असता, तर एकानेच विचारलं असतं...

तारापूरच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या आबांनी रग्बीचा चेंडू कधी हातात धरला नव्हता. निहारने न्यूझीलंडच्या संघाच्या इतिहासाचं पुस्तक पाठवलं, तेव्हा माझी डिक्शनरी शेजारी घेऊन ते त्याला भिडले. मग इराने हट्टाने दक्षिण आफ्रिकेचं पाठवलं. तुमची चढाओढ लागली आणि आबा पंच झाले. फळीवर एक याचं, एक तिचं, अशी पुस्तकं लावत. मी उंचीप्रमाणे लावली की सकाळी पुन्हा तशीच! "अहो, किती वेडंवाकडं दिसतं." "दिसू दे. सामना संपला, आता पंगत बसलीय." खेळानंतर दोन्ही संघ एकत्र जेवतात, ही रीत त्यांना खेळापेक्षाही आवडे. पण दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यांवर तिथल्या वर्णभेदापायी न्यूझीलंडने आपल्याच माओरी खेळाडूंना घरी ठेवलं होतं, ते प्रकरण वाचून त्यांनी पुस्तक मिटलं आणि चष्मा काढून ठेवला.

चिंचणीहून मासे घेऊन येणाऱ्या हेमालाही ते दारातच खेळ समजावत. "पुढं पळायचं नि बॉल मागं टाकायचा? येड्यांचा खेळ हाय, बाबा!" "मागच्याला विसरू नये म्हणून गं." "मंग मला पण नका विसरू. बोंबील घ्या."

केळव्याच्या वाडीच्या वाटणीवरून तुमच्या दोघांच्या बाबांनी एकमेकांशी अबोला धरला, आणि तुमची थट्टामस्करीही आटली. पुस्तकं यायची थांबली. आबा दोन्ही मुलांना फोन करत. थोरला म्हणे, "आबा, तब्येत सांभाळा." धाकटाही तेच म्हणे.

शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात दोघं खाटेच्या दोन बाजूंना उभे होते. आबांच्या तोंडावर मास्क. त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली आणि हात जरासे उचलले. रग्बीत दोन्ही संघ खांदे भिडवून एकमेकांत गुंततात, ते समजावताना ते नेहमी असंच करत.

"आई, काय हवंय त्यांना?" थोरल्याने विचारलं.

"तुम्ही दोघं."

धाकटा सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिला. थोरला डॉक्टरांना शोधायला बाहेर गेला. आबांची बोटं सुटली, ती मी हातात धरली... त्यापलीकडे मला काहीच करता आलं नाही. तेराव्यालाही दोघं वेगवेगळ्या पंगतीत जेवले. वाढणारी मीच होते.

काल मी दोन खोकी घेऊन फळीपुढे बसले. निहारची निहारला, इराची इराला पाठवावीत, असं ठरवलं होतं. पण इथल्या दमट हवेने पुस्तकं फुगली आहेत, पुठ्ठ्याला पुठ्ठा चिकटला आहे. एक ओढलं की शेजारचं सोबत येतं. जोर केला असता तर दोन्ही फाटली असती.

रिकामी खोकी हेमाला देऊन टाकली. पुस्तकं फळीवर आबांनी लावली तशीच आहेत, एक याचं, एक तिचं.