शुभदाशिवाय बँकॉक

बँकॉकला जायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. ती शुभदाची. आम्ही दोघी इंदूरच्या एकाच शाळेत शिकवतो, ती इतिहास, मी विज्ञान. पेपर तपासता तपासता तिने एकदा फोनवर मला एक देऊळ दाखवलं. नदीकाठचं, रंगीत चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं. "मनीषा, हे वाट अरुण. वाट म्हणजे देऊळ, आणि अरुण आपलाच, सूर्याचा सारथी. चलतेस का?"

मी हो म्हटलं. माझं लग्न झालेलं नाही, भाऊ पुण्याला असतो, इथे इंदूरला लोकमान्य नगरच्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहते. मला कोणाला विचारायचं नव्हतं. तिला होतं.

तिचे यजमान प्रमोदजी पाण्याच्या पंपांचे डीलर आहेत. देपालपूर, बेटमा इकडचे शेतकरी त्यांच्याकडे येतात, धंदा जोरात आहे. जास्त माल उठवणाऱ्या डीलरांना कंपनी अधूनमधून परदेशी नेते, तसे ते दोनदा बँकॉकला जाऊन आलेले. रविवारी दुपारी आम्ही त्यांच्या व्हरांड्यात फोनवर नकाशा उघडून बसलो की ते आतून म्हणायचे, "बघण्यासारखं काही नाही हो तिथे, मनीषाताई. गर्मी, ट्रॅफिक आणि खाण्याचे हाल. लेडीजने जाऊन करायचं काय?"

"तुम्ही दोनदा गेलात ना?"

"ते कंपनीचं होतं. जाना पडता है."

शुभदा हसायची आणि पुढचं देऊळ काढायची. बँकॉकचं नाव घेतलं की आमच्याकडे लोक आधी हसतात आणि मग चौकशी करतात, याची आम्हाला सवय झाली होती. "वो तो भिया लोगों की जगह है मॅडम," आमचे खेळाचे सर म्हणाले होते. भिया म्हणजे इंदुरी भाऊमंडळी. शुभदाने त्यांना तिथल्या राजांची वंशावळ ऐकवली.

बेत सगळा तिने आखला. इंदूरहून थेट विमान नाही, म्हणून मुंबईमार्गे. दिवाळीनंतरचे दिवस, कारण तेव्हा तिथला पाऊस ओसरतो. हॉटेल नदीजवळ नको, महाग पडतं. शहरातल्या उंचावरून धावणाऱ्या ट्रेनच्या स्टेशनाजवळ घ्यायचं. व्हिसा आम्हाला आधी काढावा लागला नाही, फक्त येण्याची माहिती ऑनलाइन भरावी लागली. हे नियम बदलत असतात, तुम्ही निघण्यापूर्वी बघून घ्या. तिने दोन टोप्याही आणल्या, एक तिची, एक माझी.

निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. बॅग कुठली घेऊ विचारायला आली असेल, असं मला वाटलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"सासूबाईंचं बीपी वाढलंय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरकडे नाही नेलं. मनीषा, यांना नाही आवडत. बहिणीच्या सासरी कळलं तर काय म्हणतील, म्हणे. बँकॉक हे नावच खराब आहे."

"ते स्वतः दोनदा गेले तेव्हा नाव चांगलं होतं?"

"तू असं नको बोलू. तू पण नको जाऊस. चांगलं नाही दिसणार."

"कुठे नाही दिसणार? तिथे मला कोण ओळखतं?"

"इथे," ती म्हणाली.

मी गेले. रागाने गेले, हे खरं आहे. प्रवासाला निघताना मनात जे असावं असं आपण लिहितो, त्यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं. मुंबईहून निघालेल्या विमानात शेजारची सीट रिकामी होती आणि मी सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

बँकॉकच्या विमानतळाखालूनच शहरात जायची ट्रेन मिळते. टॅक्सीच्या मानाने फारच स्वस्त. शेवटच्या स्टेशनावर उतरून वर गेलं की ती उंचावरची ट्रेन. मी चुकले नाही, कारण हा रस्ता शुभदाने मला तोंडपाठ करून घेतला होता. हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईने संगणकात बघितलं, मग माझ्यामागे बघितलं. "टू नेम," ती म्हणाली. मी म्हटलं, एकच. तिने दोन खाटांची खोली दिली. दुसऱ्या खाटेवर मी बॅग ठेवली, तरी ती रिकामीच दिसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेले. ट्रेनने धक्क्यापर्यंत, तिथून केशरी झेंड्याची बोट घ्यायची. ही लोकांची रोजची बोट, शहरातल्या बससारखी. बाजूलाच पर्यटकांसाठीची महाग बोट असते आणि लोक तुम्हाला तिकडेच वळवतात. वाट फोमधला निजलेला बुद्ध इतका लांब आहे की एका नजरेत मावत नाही. खांबांमधून आधी चेहरा दिसतो, मग कोपर, आणि कितीतरी चालल्यावर पाय. तळपायांवर शिंपल्याचं नक्षीकाम. तिकीट कमी नाही, पण द्यावं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. समोरच्या धक्क्यावरून छोटी बोट पलीकडे वाट अरुणला सोडते, अगदी चिल्लर पैशांत.

तिथे पायऱ्या उभ्या आहेत. वर पोचल्यावर जवळून बघितलं तर चिनी मातीच्या तुकड्यांत खरोखरच्या बशांच्या कडा आहेत, त्यांच्यावर निळी वेलबुट्टी. एक आजी नातीचा हात धरून उतरत होत्या. एक बाई पायरीवर बसून लेकाला भात भरवत होती. खाली अंगणात बायकाच बायका, थाई पोशाख भाड्याने घेऊन एकमेकींचे फोटो काढत होत्या आणि खिदळत होत्या. हे शहर बायकांनी जाण्यासारखं नाही, असं मला सांगितलं गेलं होतं. मी तिथे बसून शुभदाला फोटो पाठवले. तिने बघितले, हे कळलं. उत्तर आलं नाही.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाने पिवळ्या झेंड्यावरचं लाल अक्षर ओळखायला शिकावं. ते 'जे' अक्षर, म्हणजे मांस-मासळीच काय, अंडंही नाही. बाकी ठिकाणी माशाचा सॉस सगळ्यात असतो, भाजीतसुद्धा. गाडीवर कापलेले जाम मिळतात, म्हणजे पुण्या-मुंबईकडे ज्यांना पेरू म्हणतात ते. सोबत तिखट-मीठ-साखरेची पुडी. मी आपला पोह्यांवरचा इंदुरी मसाला, जीरावण, नेलं होतं, ते टाकून बघितलं. आपलंच बरं लागलं.

तिसऱ्या दिवशी फाहुरात नावाच्या भारतीय बाजारात गेले. जवळच फुलांचा मोठा बाजार आहे, झेंडूच्या राशी. उकाड्याने जीव गेला होता म्हणून एका पंजाबी हॉटेलात शिरले. बाजूच्या टेबलावर एकाच कंपनीच्या सारख्या टोप्या घातलेले काही पुरुष जेवत होते. बोली ऐकूनच कळलं, आपल्या माळव्याचे. त्यांनाही माझ्याकडे बघून काहीतरी कळलं असावं.

"इंदौर से?" एकाने विचारलं. साधारण पन्नाशीचा, चेहरा चांगल्या माणसाचा.

"हो. हाँ."

"अकेले?"

"अकेली."

तो थोडा गोंधळला, मग आपुलकीने म्हणाला, "अच्छा है। हमारी मॅडम तो कब से पीछे पड़ी हैं। मैंने बोल रखा है, वहाँ देखने जैसा कुछ है ही नहीं।"

टेबलावर सगळे हसले. तोही हसला, मीही हसावं अशा अपेक्षेने. त्यात काही वाईट हेतू नव्हता. मला समोरची पोळी संपवता आली नाही. मी बिल देऊन बाहेर आले आणि उन्हात तशीच चालत राहिले. त्या घरोघरच्या मॅडमना कोण जाऊन सांगणार होतं?

शेवटच्या दिवशी लुंपिनी बागेत गेले. तळ्याच्या काठाने माणसाएवढ्या घोरपडी फिरतात आणि कोणी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. संध्याकाळी स्पीकर लावून सगळ्या वयाचे लोक एकत्र व्यायाम करतात. तिकीट नाही, नाव लिहायचं नाही, मागे जाऊन उभं राहायचं. मी उभी राहिले. माझे हात सगळ्यांच्या उलट जात होते. शेजारच्या बाईने माझा दंड धरून बरोबर बाजूला वळवला. या प्रवासात त्या थोड्या वेळात मी कोणावर चिडलेली नव्हते.

इंदूरला पोचल्यावर रविवारी शुभदाकडे गेले. तिच्यासाठी एक रेशमी ओढणी आणली होती. घरात प्रमोदजींची बहीण आलेली होती, धारला दिलेली. चहा आला. बहिणीने मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "एकट्याच गेलात म्हणे? भीती नाही वाटली?"

मी उत्तर देण्याआधी शुभदा बोलली. "मी तर पहिल्यापासून हिला सांगून राहिले होते, आपल्याला कसलं बँकॉक. पण हिला भारी हौस. मी कधी हो म्हटलंच नव्हतं."

मी तिच्याकडे बघितलं. ती बशीत बिस्किटं लावत होती.

"शुभदा," मी म्हटलं, "वाट अरुण हे नाव मला कोणी सांगितलं?"

तिचा हात थांबला. प्रमोदजी म्हणाले, "चहा घ्या ताई, गार होतोय." बहीण एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. शुभदाने बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "मला नाही आठवत."

मी चहा प्यायले. ओढणी परत घेऊन आले. ती आता माझ्याकडेच आहे, वापरते.

लोक विचारतात, बँकॉक कसं आहे. उत्तम आहे. एकट्या बाईने निर्धास्त जावं. चार-पाच दिवस पुरतात, पायात चांगले बूट हवेत, देवळं सकाळीच उरकावीत. हे मी सगळ्यांना सांगते आणि खरं तेच सांगते. पण एखाद्या शहराचं नाव घेतलं की तोंडाला कडवट चव यावी, हे बरं नाही, आणि माझं तसं झालंय. त्या शहराने माझं काहीच बिघडवलं नाही.

शाळेत आम्ही बोलतो. अभ्यासक्रमाचं, सुट्ट्यांचं, कोणाच्या बदली तासाचं. परवा स्टाफरूममध्ये दोघीच होतो. ती आपणहून म्हणाली, "यंदा हे व्हिएतनामला चाललेत. हो ची मिन्ह शहर."

"तू?"

"कंपनी फक्त डीलरलाच नेते."

तिला त्या शहराबद्दल बरंच ठाऊक असणार, हे मला माहीत होतं. तिथली जुनी इमारत कुठली, नदी कुठून वळते, कशाचं मूळ नाव काय. विचारलं असतं तर तिने तास बुडवून सांगितलं असतं. तिची कीव यायला हवी होती. मी विचारलं नाही. घंटा झाली, तिने हजेरीपट उचलला आणि ती वर्गावर गेली.