न लागलेला चेंडू

आमच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाईंना मुलं शिट्टीबाई म्हणत. गंमत अशी, की शिट्टी सदा गळ्यात असूनही त्या ती क्वचितच वाजवत. मैदानावर त्यांचा एकच कायदा होता. ज्याला चेंडू लागला त्याने आपणहून हात वर करायचा आणि बाहेर व्हायचं. पंच नाही, साक्षीदार नाही आणि ‘बाई, त्याला लागला, मी बघितलं’ ही चहाडी तर मुळीच नाही. डाव संपला की हरलेल्यांनी जिंकणाऱ्यांपैकी एकाजवळ जायचं आणि त्याचं एक खरं कौतुक करायचं. नुसतं ‘छान खेळलास’ चालत नसे. ‘तू ऐन वेळी खाली वाकलास म्हणून माझा नेम चुकला’ असं काहीतरी नेमकं हवं.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवते. माझ्या वर्गाची खिडकी मैदानावर उघडते, त्यामुळे हे सगळं मला रोज फुकटात बघायला मिळे. घरी आंघोळीला जायचं म्हटलं तरी वाटाघाटी करणारी ही चिल्लीपिल्ली इथे निमूट हात वर करत. मला आधी ते जरा अतीच वाटायचं. एकदा मी म्हटलंसुद्धा, “अहो बाई, खेळू द्या की पोरांना थोडा रडीचा डाव! आत्तापासून साधुसंत करायचेत का?”

त्या पंपाने चेंडूत हवा भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “रडू दे ना. रडायला कुणी ना म्हटलंय? रडत रडत हात वर करायचा.”

आणि खरंच, त्यांच्या मैदानावर एक तरी पोर नाक ओढत, डोळे पुसत, हात उंच धरून बाहेर चाललेलं असेच.

बाईंचे यजमान फार लवकर गेले. मागे एक लेक. शाळेजवळच दोन खोल्यांचं घर, पलंगाखाली दुरुस्तीला आणलेले चेंडू आणि दोरीवर वाळत टाकलेले संघांचे पट्टे. लेक आमच्याच शाळेत होती आणि भारी बडबडी. शाळा सुटली की आईचं बोट धरून घरापर्यंत सबंध खेळ पुन्हा सांगायची. कोण कुठे उभं होतं, कुणाचा पाय घसरला, चेंडू कुठून आला. “मैदानावर मी असते गं,” बाई मला म्हणायच्या, “पण खेळ मला कळतो तो हिच्याकडून.”

ती चौथीत होती, तेव्हाची वार्षिक स्पर्धा. धावण्याची शेवटची शर्यत. शेवटच्या रेषेवर दोरीचं एक टोक बाईंच्या हातात आणि एक माझ्या. दोन मुली जवळजवळ बरोबरच आल्या. पण जवळजवळच. दोरी लेकीच्या छातीला लागून तुटली, हे माझ्या हाताला कळलं. बाईंनी मात्र दुसऱ्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “पहिली!”

लेक क्षणभर आईकडे बघत राहिली. मग दुसरीजवळ गेली आणि म्हणाली, “शेवटच्या वळणावर तू जरासुद्धा हळू झाली नाहीस.” खरं आणि नेमकं कौतुक, अगदी आईने शिकवलं तसं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापकांनी बक्षीस समारंभात लांबलचक भाषण ठोकलं, की आमच्या बाई पोटच्या मुलीलाही झुकतं माप देत नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

दोरी गुंडाळताना मी गप्प बसले नाही. “अहो, दोरी तुमच्या लेकीने तोडली.”

“माहीत आहे मला.”

“माहीत आहे? मग?”

“इतक्या जवळ होत्या दोघी. हिला पहिला नंबर दिला असता तर लोक म्हणाले असते, बघा, आपला तो बाब्या.”

“म्हणाले असते तर म्हणू द्यायचं! तुम्ही तर दुसऱ्याचा तो बाब्या केलात आणि आपलं ते कार्टं!”

त्यानंतर बरेच दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मीही काही कमी हट्टी नाही.

लेकीने आदळआपट केली असती, जेवणावर राग काढला असता, तर बरं झालं असतं. तिने काहीच केलं नाही. ती फक्त घरी जाताना गप्प राहू लागली. धावणं तिने सोडलं. पुढे शहाण्या मुलीसारखी शिकली, नोकरीला लागली, लग्न करून दूरच्या शहरात गेली. दर रविवारी न चुकता तिचा फोन येई. “जेवलीस का? गुडघा कसा आहे? जप हं.” की संपला फोन. बाई तो हातात घेऊन नंतर कितीतरी वेळ बसून राहत, जणू त्यातून अजून काही यायचं बाकी आहे.

“मला तिचं भांडण हवंय गं,” एकदा त्या म्हणाल्या. “एकदा तरी माझ्यावर ओरडावं तिने. कुणा परक्या बाईची चौकशी करावी तशी माझी चौकशी करते.”

“मग सांगून टाका ना त्या दिवसाचं.”

“आता? तिला आठवतसुद्धा नसेल.”

आठवत नसेल म्हणे! जिला कोण कुठे उभं होतं हेसुद्धा आठवायचं, तिला? पण सांगितलं आणि रविवारचा फोनही बंद झाला तर, ही खरी धास्ती होती. ती मला दिसत होती, म्हणून मी पुढे बोलले नाही.

यंदा बाईंचं शाळेतलं शेवटचं वर्ष. परवाच्या सोमवारी दुसरीचा वर्ग चेंडू खेळत होता. एका बाजूला एकच मुलगी उरली होती, दोन वेण्यांची, काडीएवढी. चेंडू तिच्या कानाजवळून गेला. लागला नाही, मी खिडकीतून स्पष्ट बघितलं. तरी तिने हात वर केला आणि बाहेर जाऊ लागली. समोरचे नाचायला लागले.

शिट्टी वाजली. इतकी जोरात, की माझ्या हातातला ब्रश पाण्यात पडला.

“तुला चेंडू लागला?” बाईंनी विचारलं.

मुलीने नाही अशी मान हलवली.

“मग हात का वर केलास?”

“सगळे म्हणाले असते, ही खोटं बोलते,” ती म्हणाली. “हात वर केला की तुम्ही शहाणी म्हणता.”

बाई गुडघ्याचं दुखणं विसरून तिच्यासमोर खाली बसल्या. “न लागता हात वर करणं, तेही खोटंच बाळा,” त्या म्हणाल्या आणि पुढचं बोलायचं विसरल्या. मुलं वाट बघत उभी राहिली. शेवटी तीच मुलगी म्हणाली, “बाई, मग मी आत जाऊ?”

शाळा सुटल्यावर बाईंनी मला सामानाच्या खोलीत बोलावलं. “इथे बस. नाहीतर मी पुन्हा गुडघ्याचंच बोलेन.” त्या गुंडाळलेल्या चटयांवर बसल्या आणि फोन लावला. त्यांना कानाने जरा कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजात.

“आई? आज सोमवार आहे. बरी आहेस ना?”

“त्या शर्यतीत तू पहिली होतीस,” बाई म्हणाल्या. “दोरी तू तोडलीस. मी बघितलं होतं. लोकांना घाबरून मी तुझा नंबर दुसरीला दिला.”

कुठली शर्यत, हे पलीकडून कुणी विचारलं नाही.

“मला दोरी लागली होती,” लेक म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. “इथे, छातीला. पण तू तिला पहिली म्हणालीस. तू तर कधी खोटं बोलत नाहीस. मला वाटलं, मीच रडी आहे, मला हरणं पचत नाही. म्हणून मी पुन्हा कधी धावलेच नाही, आई.”

बाईंनी गळ्यातली शिट्टी घट्ट धरली. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की लेक रागावली आहे. ती तर आईवर विश्वास ठेवून बसली होती.

“आत्ता नाही बोलता येत मला,” लेक म्हणाली आणि फोन ठेवला. बाई रडल्या. मीही रडले, उगाच का लपवू!

मंगळवारी बाई दिवसभर फोन जवळ घेऊनच वावरल्या. बुधवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी मैदानावरचे चेंडू जाळीत भरत होतो, तेव्हा फोन वाजला. बाईंनी जाळी टाकली. सगळे चेंडू घरंगळत सुटले.

‘जेवलीस का?’ नाही, ‘गुडघा कसा आहे?’ नाही. “आई,” लेक म्हणाली, “परत सांग. सुरुवातीपासून सगळं सांग.”

बाईंनी डोळे पुसले आणि रिकाम्या मैदानाच्या, शर्यत सुरू झाली होती त्या टोकाकडे तोंड केलं. “तू डावीकडून तिसरी उभी होतीस,” त्या म्हणाल्या. “बुटाची नाडी सुटली होती तुझी.”

“उजव्या,” लेक म्हणाली. “उजव्या बुटाची. पुढे?”