पर्सेपोलिसच्या जिन्यापाशी काढलेल्या चपला

देवीशी मी अबोला धरला होता. लेक गेल्यापासून कॅनडात, कनाटा गावातल्या आमच्या घरी देवघराचं दार बंदच होतं. तिच्या आजारपणात कुलदेवीला ओटीचा नवस बोलले होते, पण पोर उठली नाही. मग ओटी भरायची तरी कशासाठी?

तिला इराणमधल्या प्राचीन राजनगरीचं, पर्सेपोलिसचं वेड होतं. तिथल्या जिन्याची तिने करायला घेतलेली थर्माकोलची प्रतिकृती आमच्या बेसमेंटमध्ये अर्धवट पडून आहे. "तिच्यासाठी जाऊन येऊ," असं माझे यजमान म्हणाले, म्हणून गेले. श्रद्धा कसली, नुसती फरफट होती.

त्या जिन्यापाशी पोचल्यावर सवयीने मी चपला काढल्या. जुना कोरीव दगड दिसला की माझे पाय चपलेत राहत नाहीत. एकदा म्युझियममध्ये विष्णूच्या मूर्तीपुढेही मी असंच केलं होतं. "आई, धिस इज नॉट अ टेम्पल. पीपल आर लुकिंग," लेक पुटपुटली होती. तरी माझ्या चपला हातात घेऊन ती मागे मागे फिरली आणि बाहेर पडताना त्या माझ्या पायांपुढे नीट मांडून ठेवल्या.

वर नुसते उघडे खांब उरले होते. एवढ्या मोठ्या राजांचं काही राहिलं नाही, तिथे माझ्या पोरीचं काय राहणार, असं मनात आलं आणि मी तिथेच बसून ढसाढसा रडले. हे तोंड फिरवून दूर उभे राहिले. दुपारच्या दगडाने तळवे भाजत होते, पण उठावंसंच वाटेना.

तेवढ्यात काळी चादर पांघरलेली एक म्हातारी धापा टाकत जिना चढून आली. तिच्या हातात माझ्या चपला होत्या. ती काहीतरी बोलली, मला अक्षरही कळलं नाही. वाकून तिने त्या माझ्या पायांपुढे नीट मांडल्या. आईच्या वयाच्या बाईने माझ्या चपला उचललेल्या पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्या पाया पडले, तर तिने माझं डोकं पोटाशी धरलं.

ती कोण होती, तिला कोणी धाडलं, हे मी विचारत नाही. त्या माउलीचे उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही. दुःख तसूभरही कमी झालेलं नाही, बेसमेंटची पायरी अजून उतरवत नाही. पण परत आल्यावर देवघर उघडलं. खण, नारळ, तांदूळ घेऊन देवीची ओटी भरली. मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. एवढंच म्हटलं, आई, माझी पोर तुझ्या ओटीत घातली आहे. तिला अनवाणी चालू देऊ नकोस.