व्हिनेगरच्या बाटलीतली जाई

रविवारी सकाळी दहाला चिमी गॅसवर मोठं पातेलं चढवायची. त्यात साखर, पाणी आणि ओंजळभर जाईची फुलं. घरभर वास सुटला की सगळ्यांना कळायचं, आज पाचला बाबांचा ग्लास आहे. अर्ध्या तासाने ती ते गाळायची, बाटलीत भरायची आणि स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून अख्खी बाटली सिंकमध्ये ओतून द्यायची. असं अकरा वर्षं चाललं होतं, आणि एका रविवारचाही खाडा नव्हता.

खरा ऐवज फ्रिजच्या दारात असायचा. तिथे एक काळपट बाटली होती आणि तिच्यावर चिमीच्याच अक्षरात ‘व्हिनेगर’ अशी चिठ्ठी. शनिवारी संध्याकाळी कुंपणावरच्या जाईच्या मिटलेल्या कळ्या खुडायच्या, गार झालेल्या पाकात सोडायच्या, आणि भांडं आपल्या खोलीच्या खिडकीत झाकून ठेवायचं. रात्रभरात कळ्या उमलतात आणि आपला वास पाकाला देऊन मोकळ्या होतात. जाई उकळली की कडवट होते. तिचा वास वाफेबरोबर घरभर फिरतो, फक्त ग्लासात उरत नाही. हे ज्याला ठाऊक नाही त्याने जन्मभर फुलं उकळावीत.

एवढी लपवाछपवी कशासाठी, ते सांगायला हवं.

चिमी चव्वेचाळीस वर्षांची. या वयाच्या बाईला चिमी म्हणणं बरं नाही, पण घरात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही, मग आपण तरी का मारावी? पूर्वी ती एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. आई गेली तेव्हा ‘सहा महिने बाबांकडे बघते’ म्हणून तिने सुट्टी घेतली. ते सहा महिने आता तेराव्या वर्षात आहेत. दुकानदाराने दोन वर्षं तिची खुर्ची रिकामी ठेवली होती, ही त्याची माणुसकी.

आई गेल्यावर वर्षभराने दादा आणि वहिनी वरच्या मजल्यावर राहायला आले. वहिनी म्हणजे हाताला चव, जिभेवर साखर आणि कामाला वाघ. महिन्याभरात स्वयंपाक तिचा झाला, बाग तिची झाली, आणि दूधवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत जो तो तिलाच विचारू लागला. बाई वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. चिमीकडे उरला बाबांच्या गोळ्यांचा डबा आणि रविवारचा हा ग्लास.

बाबा एका मोठ्या हॉटेलच्या बारवर तीस वर्षं प्रमुख होते. गुडघे गेले, पण जीभ शाबूत होती. जिन, लिंबू, जाईचा पाक आणि वरून सोडा, असा तो ग्लास त्यांनी एकदा तोंडात घोळवला आणि म्हणाले, “हे चिमीशिवाय कुणाला जमायचं नाही.” या सगळ्या वर्षांत तिच्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच. दुसऱ्याच दिवशी वहिनीने मोठ्या हौसेने कृती विचारली, आणि चिमीच्या तोंडून निघून गेलं, “फुलं उकळायची, बस.” एकदा बोलून बसलं की निभवावं लागतं, म्हणून पातेलं आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण मूठ फार दिवस झाकून ठेवली की बोटं आखडतात, हे म्हण करणाऱ्याने सांगितलेलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी दातांचे डॉक्टर आपल्या बहिणीला घेऊन आले. डॉक्टर म्हणजे बाबांचे एकुलते उरलेले मित्र, दर रविवारी हजर. या बहिणीचा परगावी सरबतांचा आणि सोड्याचा कारखाना. बाईंनी एक घोट घेतला, ग्लास उजेडाकडे धरून बघितला, दुसरा घोट घेतला आणि विचारलं, “हे कुणी केलं?” महिन्याने त्यांचं पत्र आलं. फुलांच्या सरबतांचं वेगळं खातं काढतेय, ते तुम्ही सांभाळा. कारखान्याच्या वर दोन खोल्या आहेत. पुढल्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत घरच्या फोनवर कळवा. चिमीने ते पत्र न्हाणीघरात जाऊन, कडी लावून, तीनदा वाचलं.

“जा की,” बाबा म्हणाले. “मी का अडवू? फक्त जायच्या आधी सूनबाईला ग्लास शिकव. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो, आठवड्यात एवढंच सुख उरलंय. तिला जमला की तू मोकळी.”

यात काय वावगं आहे, असं दादाला वाटलं. डॉक्टरांनाही वाटलं. अट इतकी साधी होती की नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

मग वहिनीची शिकवणी सुरू झाली. ग्लास सकाळपासून फ्रीजरमध्ये. शेकरमध्ये जिन, लिंबाचा रस, पाक, बर्फ. झाकण घट्ट, बारा झटके, मग गाळून ग्लासात. सोडा सगळ्यात शेवटी, लांब दांड्याच्या चमच्याच्या पाठीवरून, हळू. शेकरमध्ये सोडा कधीही नाही. दादाने एकदा तो शहाणपणा केला होता, तेव्हा झाकण उडून लिंबू छताला लागलं. वहिनीने सगळं तंतोतंत केलं. पाक मात्र केला पातेल्यातला, उकळून, कारण चिमीने तोच सांगितला होता.

पहिल्या रविवारी बाबांनी एक घोट घेऊन ग्लास दूर सरकवला. “नाही.” दुसऱ्या रविवारी नाही. तिसऱ्या रविवारी तर त्यांनी नुसता वास घेतला. चिमी दाराशी उभी राहून बघत होती. खरं सांगावं, तर अकरा वर्षं घरच्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली हे सांगणं आलं, आणि आपल्याकडे होता तो एकुलता मान आपल्याच हाताने सोडणं आलं. न सांगावं, तर त्या परगावच्या दोन खोल्या गेल्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनेच खणलेली. त्या दिवसांत तिला स्वयंपाकघराच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटायच्या. खिडकी उघडली तरी श्वास पुरायचा नाही.

शेवटच्या शनिवारी संध्याकाळी तिने धीर केला. वहिनी काकडी चिरत होती.

“वहिनी, फुलं उकळायची नसतात.”

वहिनीची सुरी थांबली नाही. “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“त्या बाटलीत व्हिनेगर नाही ते. नऊ वर्षांपूर्वी मी ते काकडीवर ओतलं होतं. ह्यांनी सगळी काकडी संपवली आणि म्हणाले, उद्या पण अशीच कर.”

चिमीला हसावं की रडावं कळेना. “मग बोलली का नाहीस? तीन रविवार ते कडू पाणी उकळत बसलीस!”

“तुमची गोष्ट, तुम्ही सांगायची. मी कशाला तोंड घालू?” वहिनीने आता सुरी खाली ठेवली. “आणि खरं सांगू का, वन्सं? तुम्ही गेलात की रविवार माझ्या गळ्यात. एकटा रविवारच कशाला, सोमवार ते शनिवारसुद्धा. मला काही घाई नव्हती.”

यावर रागवायचं कुठल्या तोंडाने? दोघी कुंपणापाशी गेल्या आणि अंधार पडायच्या आत कळ्या खुडून आल्या. त्या संध्याकाळी पाक वहिनीने केला, गार केला, आणि कळ्याही तिनेच सोडल्या. चिमीने बोटसुद्धा लावलं नाही.

रविवारी पाच वाजता वहिनीने दोन ग्लास बाहेर नेले, एक बाबांना, एक डॉक्टरांना. बुडबुडे काठापर्यंत, वर एकेक कळी. बाबांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

“नाही,” ते म्हणाले. “जवळ आलीस सूनबाई, पण नाही. हात चिमीचाच.”

डॉक्टरांचा ग्लास तोवर रिकामा झाला होता आणि ते बर्फ चघळत होते.

चिमी आत आली. शेकरच्या तळाशी चमचाभर उरलं होतं, ते तिने चाखलं. तेच होतं. केसाइतका फरक नव्हता. असलाच तर लिंबू तिच्यापेक्षा जरा बेताचं. तिच्या मनात काहीतरी आलं, आणि ते खोटं ठरावं असं तिला फार वाटलं.

“वहिनी, अजून एक कर.”

तो ग्लास तिने स्वतः ट्रेमध्ये ठेवून बाहेर नेला. “बाबा, हा मी केलाय.”

बाबांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. “हां! बघा डॉक्टर. याला म्हणतात ग्लास.”

डॉक्टर आपल्या बुटाच्या नाडीकडे बघू लागले.

“बाबा,” चिमी म्हणाली, “दोन्ही वहिनीचेच आहेत.”

बाबांनी डोळे उघडले नाहीत. “माहीत आहे. पहिल्याच घोटाला कळलं. तीस वर्षं काय मी नुसत्या बाटल्या पुसल्या? चांगला झालाय. तुझ्याहून चांगला.”

“मग नाही का म्हणालात?”

“हो म्हणालो असतो तर उद्या तू कळवून मोकळी झाली असतीस.” ग्लास टेबलावर ठेवताना त्यांचा अंदाज चुकला आणि थोडं सांडलं. “जाऊ नकोस, चिमे. ग्लास गेला खड्ड्यात. तू नसलीस की मला या घरात भीती वाटते.”

खाण तशी माती. आपल्यावाचून कुणाचं तरी अडावं म्हणून लेकीने बाटली लपवली, आणि लेकीने जाऊ नये म्हणून बापाने चव लपवली. हेच वाक्य त्यांनी पत्र आलं त्या दिवशी म्हटलं असतं, तर तिने पत्र फाडून टाकलं असतं. मनापासून फाडलं असतं. ती स्वतःला ओळखून होती. अजून पाच मिनिटं इथे बसली, तर उठेल ती पुन्हा पातेलं घासायलाच.

“मलाही वाटते, बाबा,” ती म्हणाली. “मला इथे राहायची वाटते.”

उत्तराची वाट न बघता ती पॅसेजमध्ये आली. फोन तिथे भिंतीला होता. नंबर तिला पाठ होता. तिकडे घंटा वाजत असताना बाहेरून हाक आली, “चिमे!” तिचे पाय सवयीने वळले. तिने एका हाताने फोनखालची फळी धरून ठेवली. “चिमे!”

तिकडे बाईंनी फोन उचलला.

“मी बोलतेय,” चिमी म्हणाली. “जाईच्या ग्लासवाली. सोमवारची वाट बघायला नको. मी येतेय.” आपला आवाज इतका मोठा का लागलाय, ते तिला कळत नव्हतं.

बाई काहीतरी आनंदाने बोलत होत्या. मग बाहेरून पुन्हा हाक आली, पण आता वेगळी. “सूनबाई!”

आत नळ बंद झाल्याचा आवाज आला. वहिनी हात पुसत पॅसेजमधून गेली. जाताना तिने चिमीकडे एकदा बघितलं, रागाने नाही.

“आले, बाबा,” ती म्हणाली. तो सूर चिमीने लगेच ओळखला. अकरा वर्षं तो तिचा स्वतःचा होता.