पुतळाबाईंची डावी बाजू

पुतळाबाई माझी थोरली वहिनी. मला लिहायची सवय नाही आणि हे नीट जमेल असंही वाटत नाही. पण तिच्याविषयी दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून आठवतं तसं सांगतो.

सत्तावन्न साल असावं. पिंपरीत औषधाच्या कारखान्याजवळ साहेब लोकांचे बंगले होते. त्यातल्या एकात स्पेन देशाहून आलेले इंजिनिअर आणि त्यांची बायको, आम्ही तिला मडम म्हणायचो, असे दोघं राहायचे. मी तिथं माळी होतो, वहिनी भांडी घासायची, भाज्या चिरायची. बंगल्यामागची एक खोली आम्हाला दिलेली होती. धर्माजीदादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पाठ मोडून तिथं खाटेवर पडलेला. गावाकडचं घर कोसळलं होतं. त्यामुळे ती खोली हेच आमचं घर.

अशात बंगल्यावरचा खानसामा मुंबईच्या हॉटेलात निघून गेला. पुण्याचा दुसरा यायला तयार होता, पण त्याला राहायला खोली हवी होती आणि बंगल्यामागं खोली आमची ती एकच.

मडम वहिनीला म्हणाली, "शनिवार को आठ मेहमान. तुम बनाओ. अच्छा हुआ तो तुम रहेगा. नहीं तो वो आयेगा."

मडमच्या देशात संध्याकाळी छोट्या छोट्या बशांत भाज्या मांडून सगळ्यांनी मिळून खायची रीत. भाजलेली ढोबळी मिरची लसूण-तेलात, वांग्याच्या तळलेल्या चकत्या, काकडी-टोमॅटो आंबट सिरक्यात. मडमनं हे सगळं एकदा करून दाखवलं. खोलीत आल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, ही तर नुसती ताटाची डावी बाजू हाय. चटण्या, कोशिंबिरी. भाकरी कुठाय?"

"पाव खातात."

"मग जमंल."

दादा खाटेवरून म्हणाला, "शेंगदाण्याचा कूट नको टाकू सगळ्यात. सायबाची जीभ हाय ती."

"तुमी निवांत पडा. कूट कुठं टाकायचा ते मला कळतंय."

वहिनीचा एक नेम होता. रांधताना ती कधी चाखायची नाही. देवाला दाखवायच्या आधी चाखलं की ते उष्टं, ही सासूची शिस्त. मीठ तिच्या चिमटीत होतं आणि ते कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

शनिवारी दुपारी मडमनं वांगी आणि काकडी स्वतःच चिरून फडक्याखाली झाकली आणि ती आवरायला आत गेली. वहिनीनं फडकं काढलं. वांग्याच्या चकत्या ओल्या होत्या. आपल्याकडे चिरलेलं वांगं काळं पडू नये म्हणून पाण्यात टाकतात. मडमनं तसंच करून काढून ठेवलं असणार, असं तिला वाटलं. तिनं चिमटीनं मीठ लावलं आणि सगळ्या चकत्या तळल्या. मग काकडीला मीठ लावून ती कालवायला घेतली आणि तिचा हात थांबला.

मी कोथिंबीर घेऊन दारात आलो होतो.

"भाऊजी, मीठ आत्ता लावलं. मग बुडाशी हे एवढं पाणी कुठलं?"

तिनं भांडं तिरकं करून मला पाणी दाखवलं.

"आधीच लावलं व्हतं तिनं. वांग्याला बी. पाणी काढाया." तिचा चेहरा उतरला. "आपण मीठ शेवटाला लावतो. ही बया आधी लावती."

"चाखून बघ की."

"न्हाई."

मी तळहात पुढे केला. तिनं वरूनच एक चकती टाकली. मी चावली.

"काय?"

"मिठागर हाय, वैनी."

पाहुणे यायला थोडाच वेळ उरला होता. "काकड्या आणा. टोमॅटो आणा. पळा!" मी वाफ्यातून मिळेल ते खुडून आणलं. तिनं खारट काकडी मुठीत पिळून काढली, तीत नवी काकडी आणि घट्ट दही घातलं. आणि कूट. वांगी टोमॅटो-कांद्यात चुरली. दर वेळी माझ्या तळहातावर थोडं टाकायची.

"आता?"

"अजून खारट."

"आता?"

"कळंना. जीभ बधिर झालीय."

बाहेर मोटारीचा आवाज आला. वहिनीनं परसातलं केळीचं पान फाडलं, प्रत्येकातलं चिमूटभर त्यावर ठेवलं आणि शेगडीपुढे हात जोडले.

"देवा, खारट असलं तर पोटात घाल."

देवाला दाखवून झालं, मग तिनं वांग्यात बोट बुडवून चाखलं. आमच्या घरात आल्यापासून रांधताना पहिल्यांदाच. पटकन लिंबू पिळलं, एक कांदा वाढवला. काकडीत चमचाभर दही अजून. पुन्हा चाखलं आणि बशा भरायला घेतल्या.

तेवढ्यात मडम आत आली. काकडीचा घास घेतला आणि थांबली.

"ये मैंने नहीं सिखाया."

"नहीं सिखाया," वहिनी म्हणाली. बाकीच्या बशा तिनं मडमपुढे सरकवल्या.

मडम बशा घेऊन गेली. आम्ही दोघं उभेच. पलीकडून बोलणं ऐकू येई, मध्येच बंद पडे. बऱ्याच वेळानं ती परत आली. हातातली काकडीची बशी पावानं पुसल्यासारखी स्वच्छ होती.

"और है?"

"न्हाई. संपलं."

मडम हसली. "सोमवार को और बनाना. पूना वाले को मैं मना करती."

खोलीत दादा जागाच होता. "काय झालं?"

"ऱ्हायली खोली," वहिनी म्हणाली आणि शेगडीपुढून उचलून आणलेलं ते पान तिनं त्याच्या हातात दिलं. "घ्या, परसाद हाय. जरा खारट लागंल."